ओहोटीचा धडा

कफ परेडच्या मच्छीमार नगरातून आम्ही दोन कुटुंबे ओळखीच्या नाखव्यांच्या इंजिनाच्या होडीतून फिरायला गेलो. आमच्याच हट्टापायी परतायला उशीर झाला. दुपारी १ वाजता होडी उथळ पाण्यात गाळात रुतली.

"इंजिन जोरात करा!" आम्ही ओरडलो.

"पंख्याने गाळ ढवळेल, इंजिन तापेल," म्हणत नाखव्यांनी ते बंद केले, नांगर टाकला.

प्यायचे पाणी संपले. मुले रडू लागली. नाखवे म्हणाले, "तिथीच्या पाऊणपट भरतीची वेळ. आज द्वादशी, बारा पाऊणे नऊ. नऊला भरती, तीनला ओहोटी पुरी. मग पाणी चढेल."

५ वाजता होडी तरंगली. तिथी म्हणजे शुभ-अशुभ नव्हे, चंद्राचा हिशेब, हे आम्हांला तेव्हा कळले. बंधुभगिनींनो, पाण्यावर जाताना भरतीची वेळ विचारा आणि प्यायचे पाणी जास्त घ्या.