सुरैया

वाळवंटात रात्रीची वाट तुडवणाऱ्या अरबांना आभाळ तोंडपाठ असे. त्यातल्या एका लहानशा पुंजक्यावर त्यांचा इतका जीव, की नुसतं ‘अन्-नज्म’ म्हणजे ‘तारा’ म्हटलं तरी बहुधा तोच समजला जाई. त्याचं खरं नाव अथ्-थुरय्या, आपल्या कृत्तिका. हे नाव मुलीला ठेवलं आणि ते फारसी-उर्दूच्या जिभेवर आलं, की ‘थ’चा ‘स’ होतो. सुरैया!

संपत्तीला उर्दूत ‘सर्वत’ म्हणतात. सुरैया त्याच कुळातली, पण तिची घडण लाडाची: चिमुकली समृद्धी. असं नाव का, याची दोन कारणं जुने अरबी कोशकार देतात. एक, एवढ्याशा जागेत दाटीवाटीने बसलेले तारे. दुसरं, हा पुंजका पहाटे मावळू लागला की येणारा पाऊस. उंटामेंढ्यांवर जगणाऱ्यांना हे दुसरं कारणच अधिक पटलं असणार. पाऊस पडला तर कुरण, आणि कुरण असेल तरच दूध. छताला टांगलेल्या झुंबरालाही अरबीत हाच शब्द आहे. किती नेमकी नजर!

तिच्याभोवती कथाही जमल्या. आपली रोहिणी तिकडे पुरुष आहे, अद्-दबरान, म्हणजे मागून येणारा. त्याने थुरय्याला मागणी घातली, तिने गरीब म्हणून नाकारलं; तेव्हापासून तो उंटांची पिल्लं पुढे हाकत, तिला मेहेर म्हणून द्यायला मागोमाग चालला आहे. रोहिणीजवळचे बारीक तारे म्हणजे ती पिल्लं.

मक्केचा प्रेमकवी उमर इब्न अबी रबीआ याची थुरय्या मात्र हाडामांसाची होती. तिचं लग्न सुहैल नावाच्या माणसाशी लागलं. सुहैल म्हणजे अगस्त्य तारा. दुखावलेल्या कवीने विचारलं, ती उत्तरेची, तो दक्षिणेचा, यांची गाठ पडायची कशी? तेराशे वर्षं झाली, तरी हा प्रश्न अरबी वाचकांच्या ओठांवर आहे.

पुढे हे नाव फार लांब गेलं. अफगाणिस्तानची राणी सुरैया तर्झी दमास्कसमध्ये जन्मली होती. इराणच्या शहाने 1951 साली जिच्याशी लग्न केलं, तीही सुरैयाच. आणि मुंबईकरांची सुरैया म्हणजे 1954 च्या ‘मिर्झा गालिब’ चित्रपटातला तो आवाज, 2004 साली मुंबईतच ती गेली.

नाव अरबी असलं तरी आपल्याला ते परकं वाटायचं कारण नाही. अश्विनी, भरणी, कृत्तिका अशी नक्षत्रं आपण मोजतो. अरबांच्या चंद्राच्या अठ्ठावीस मुक्कामांतही थुरय्या तिसरीच. माघातल्या एखाद्या निरभ्र रात्री नऊच्या सुमारास घराबाहेर पडा. पश्चिमेकडे उंचावर कृत्तिका आणि दक्षिणेला खाली अगस्त्य, दोन्ही महाराष्ट्रातून एकाच वेळी दिसतात.