आधी कुठला प्रश्न?

आमची मुलुंडची जुनी बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जायचीय. फ्लॅट आईच्या नावावर, त्यामुळे संमतीपत्रावर सही तिची. रविवारी मी विचारलं, "गुडघे कसे आहेत? तीन जिने झेपतात?" आणि मग, "सही करायची ना?" म्हणाली, "करून टाकू." बुधवारी ताईने आधी बाबांनी लावलेल्या पारिजातकाचा विषय काढला, मग सहीचा. उत्तर आलं, "नको गं!"

आई खोटं कधी बोलली? मला वाटतं, दोन्ही वेळा खरंच बोलली.

१९९७ मध्ये गॅलपने अमेरिकेत विचारलं होतं, क्लिंटन प्रामाणिक आहेत का? गोर आहेत का? क्लिंटनबद्दल आधी विचारलं तर ५० टक्के 'हो', गोरनंतर विचारलं तर ५७. जेरोम बुसमायर वगैरे संशोधक अशा गोष्टींसाठी क्वांटमचं गणित वापरतात. मेंदूत क्वांटम काही चालतं असा दावा नाही, गणित फक्त उसनं घेतलेलं. त्यात प्रश्न म्हणजे मोजमाप. मोजलं की मनाची अवस्थाच बदलते, म्हणून क्रम उलटला की उत्तरही बदलू शकतं.

हे वाचून जरा ओशाळलो. आईचं मत विचारतोय म्हणत मी ते हवं तसं घडवत होतो की काय...

असो. या रविवारी ताई आणि मी एकत्र बसणार आहोत. पहिला प्रश्न आई विचारेल.