तेरा सेकंद आणि दोन गुरुबंधू

ॲम्हर्स्ट, न्यूयॉर्क
१६ फेब्रुवारी २०२५

चि. मंदार,


सुपर बोल संपतो न संपतो तोच तुझा मेसेज: ‘मावशी, आता तरी गार वाटलं ना?’ नाही वाटलं. फिलाडेल्फियाने तुमच्या चीफ्सना ४०-२२ असं धुतलं, ते मी शेवटपर्यंत बसून पाहिलं. तुझे काका तिसऱ्या क्वार्टरलाच झोपायला गेले. पण सूड परस्पर दुसऱ्यानेच उगवला की तो आपल्या खात्यात जमा होत नाही. उलट माझी चिडचिडच झाली. फिलाडेल्फियाच्या ईगल्सनी त्या रात्री एकदाही ब्लिट्झ केला नाही. पुढच्या फळीलाच सोडलं, बाकीचे मागे थांबले, आणि त्या फळीने तुमच्या क्वार्टरबॅक महोम्सला सहा वेळा आडवा केला. हे असं होऊ शकतं, तर चार जानेवाऱ्या आम्ही काय करत होतो?

मेसेजवर भांडायला मला जमत नाही. मी एक वाक्य लिहीपर्यंत तू तीन हसरे चेहरे पाठवतोस. म्हणून हा कागद.

आमच्या बफेलोचा ॲलन विरुद्ध तुमचा महोम्स, असं टीव्हीवाले आठवडाभर ओरडत असतात. तसा सामना आजवर एकदाही झालेला नाही रे. ते दोघं एका वेळी मैदानावर असतात तरी कधी? एक खेळतो तेव्हा दुसरा बाकावर बसून टॅबलेटमध्ये फोटो बघत असतो. खरे सामने दोन. महोम्स विरुद्ध आमचा डिफेन्स हा एक, आणि ॲलन विरुद्ध तुमचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर स्टीव्ह स्पॅग्नुओलो हा दुसरा. आता आकडे बघ. २०२१, २०२२, २०२४ आणि २०२५, या चार जानेवाऱ्यांत तुम्ही आमच्यावर ३८, ४२, २७ आणि ३२ गुण केलेत. बेरीज १३९. आम्ही केले ११३. म्हणजे सरासरी अठ्ठावीस गुण करूनही आमचा संघ प्रत्येक वेळी घरी, आणि तू मला विचारतोस, ‘ॲलनला एमव्हीपी मिळाला, पण सुपर बोलची अंगठी कुठाय?’ अंगठी ॲलनला नाही, आमच्या डिफेन्सला विचार.

पहिला, २०२१ चा सामना सोडून देऊ. ३८-२४. तेव्हा तुम्ही सरळसरळ वरचढ होतात, त्यात बोलण्यासारखं काही नाही. बोलायचं ते २३ जानेवारी २०२२ बद्दल. तुला तो दिवस टचडाउनांसाठी आठवतो. साहजिक आहे, शेवटच्या दोन मिनिटांत पंचवीस गुण झाले. आम्ही २१-२६ मागे असताना चौथा डाउन, तेरा यार्ड हवेत, आणि ॲलनने गेब डेव्हिसला टचडाउन दिला. मग तुमचा टायरीक हिल चौसष्ट यार्ड धावला. मग पुन्हा डेव्हिस, त्याचा त्या दिवसातला चौथा टचडाउन. ३६-३३. घड्याळात तेरा सेकंद.

इथून पुढे मला जे दिसतं ते जरा शांतपणे वाच. किकऑफ आम्ही थेट एंड झोनमध्ये मारला. बॉल कुणी उचललाच नाही, म्हणून घड्याळ हललं नाही. तोच बॉल जमिनीलगत सरपटत मारला असता तर तुमच्या कुणाला तरी तो उचलून पळावं लागलं असतं, आणि त्यात चार-पाच सेकंद गेले असते. ते केलं नाही. नंतर डिफेन्स इतका मागे उभा केला, की टचडाउन सोडून बाकी सगळं घेऊन जा म्हणावं. तुम्ही घेऊन गेलात. हिलला एकोणीस यार्ड, टाइमआउट. केल्सीला पंचवीस यार्ड, टाइमआउट. तीन सेकंद शिल्लक, आणि बटकरने एकोणपन्नास यार्डांवरून बरोबरी केली. दोन पास, दहा सेकंद, चव्वेचाळीस यार्ड. ज्या संघाला हरायची भीती वाटते तो असा उभा राहतो. जिंकायला उभा राहिलेला संघ समोरच्याच्या अंगाला अंग लावून उभा राहतो.

पुढे ओव्हरटाइमला नाणं तुमच्या बाजूने पडलं, केल्सीने टचडाउन केला, आणि ॲलनच्या हाती बॉलच आला नाही. त्यावर या गावात केवढा गहजब झाला! नियम बदला, नाणेफेकीवर का कुणी हंगाम ठरवतं, वगैरे. मार्चमध्ये नियम बदललाही. आता प्लेऑफमध्ये दोन्ही संघांना बॉल मिळतो. गंमत म्हणजे असाच बदल तुमच्या चीफ्सनी २०१९ मध्ये मागितला होता, पेट्रियट्सकडून ओव्हरटाइममध्ये हरल्यावर. तेव्हा कुणी दाद दिली नाही. आमच्या रडण्याने तो झाला, आणि नव्या नियमाने खेळला गेलेला पहिलाच ओव्हरटाइम फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये तुम्हीच जिंकलात. नियम चांगलाच आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण नाण्याला दोष देणारा माणूस भेटला की मी त्याला विचारते, नाणं उडवायची वेळ कुणी आणली?

आता तुला एक गोष्ट सांगते, जी सामन्याच्या दिवशी टीव्हीवर मी तरी ऐकली नाही. आमचे कोच शॉन मॅकडर्मॉट आणि तुमचे स्पॅग्नुओलो हे गुरुबंधू आहेत. दोघांचं शिक्षण फिलाडेल्फियात एकाच माणसाच्या हाताखाली झालं, जिम जॉन्सन. ब्लिट्झ कसा आणि कुठून पाठवायचा, हे त्या माणसाइतकं थोड्यांना कळलं असेल. तेव्हा तिथले मुख्य कोच होते तुमचे आजचे कोच अँडी रीड. जॉन्सननंतर त्यांची जागा मिळाली मॅकडर्मॉटना, आणि दोन हंगामांनी रीडनीच त्यांना काढलं. स्पॅग्नुओलो त्याआधीच न्यूयॉर्क जायंट्सकडे गेले होते, आणि २००८ च्या सुपर बोलमध्ये एकही सामना न हरलेल्या पेट्रियट्सना त्यांच्या डिफेन्सने चौदा गुणांवर रोखलं. एकाच गुरूची दोन माणसं. स्पॅग्नुओलोंनी गुरूची छाती घेतली, मॅकडर्मॉटनी वही घेतली. मॅकडर्मॉट भला माणूस आहे, हंगामात त्याचा डिफेन्स नेटकाच असतो. पण जानेवारीत महोम्ससमोर दोनच गोष्टी चालतात: एक तर चार माणसांनी पोचायला हवं, नाहीतर पाचवा-सहावा सोडायची हिंमत हवी. पहिल्यासाठी आम्ही २०२२ च्या मार्चमध्ये व्हॉन मिलर आणला. थँक्सगिव्हिंगच्या सामन्यात त्याचा गुडघा गेला. दुसरी गोष्ट कुठे विकत मिळत नाही.

२०२४ ची जानेवारी मात्र मला वेगळ्या कारणाने आठवते. पिट्सबर्गबरोबरचा सामना रविवारी होता, पण इतका बर्फ पडला की तो सोमवारवर ढकलला, नेमका संक्रांतीच्या दिवशी. स्टेडियम उपसायला संघाने ताशी वीस डॉलर देऊन माणसं बोलावली, तरी कितीतरी लोकांनी आपापली खुर्ची हातांनीच उकरून काढली. टचडाउन झाला की सगळे ओंजळी भरून बर्फ वर उडवत होते. आमच्या घरात वाटीतला तिळगूळ तुझ्या काकांनी एकट्याने संपवला. पुढच्या आठवड्यात तुम्ही आलात. महोम्सचा प्लेऑफमधला परक्या मैदानावरचा तो पहिलाच सामना. केल्सीचा थोरला भाऊ त्या थंडीत उघडा होऊन बॉक्समधून उड्या मारत होता, तेवढा एक मला आवडला. आम्ही २४-२७ असे मागे असताना आमच्या टायलर बॅसची चव्वेचाळीस यार्डांची किक उजवीकडून गेली, आणि सगळं बफेलो एका दमात १९९१ च्या सुपर बोलला जाऊन पोचलं. स्कॉट नॉरवूड, सत्तेचाळीस यार्ड, उजवीकडून बाहेर, जायंट्स २०, आम्ही १९.

इथल्या लोकांना ही जोडी लावायला फार आवडतं. मला नाही आवडत. नॉरवूडच्या सामन्यात जायंट्सचा डिफेन्स आखला होता बिल बेलिचिक यांनी. आमच्या थरमन थॉमसला धावू द्या, पण पासिंग मोडून काढा, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि तो आराखडा आज कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये ठेवलेला आहे. बॅसच्या सामन्यात आम्ही चौथ्या क्वार्टरमध्ये आपल्याच तीस यार्डांवरून खोटा पंट खेळलो, पाच यार्ड हवे असताना, आणि तो फसला. नशीब की तुमच्या हार्डमनच्या हातून एंड झोनच्या तोंडाशी बॉल सुटला. तेव्हा किक मारणाऱ्या पोरांना सगळ्यांसमोर उभं करणं सोपं असतं, एवढंच. बॅसच्या नावाने तर लोकांनी त्याच्या दोन नंबरच्या जर्सीला जोडून बावीस-बावीस डॉलर एका मांजरांच्या आश्रमाला दिले, कारण तो त्यांचं काम करायचा. शिव्या घालणारेही होते, पण देणारेही निघाले.

देण्यावरून आठवलं. त्या तेरा सेकंदांनंतर तुमच्या गावच्या लोकांनी इथल्या ओशाय मुलांच्या हॉस्पिटलला तेरा-तेरा डॉलर पाठवले होते. तूही पाठवलेस, हे मला तुझ्या आईकडून कळलं. तू स्वतः बोलला नाहीस. तेव्हा मी इतकी चिडलेली होते की मला ती चेष्टा वाटली. लाखांनी डॉलर जमल्यावर चेष्टा वाटेना. असे शत्रू मिळायला भाग्य लागतं, पण डोक्यात जाऊ देऊ नकोस.

गेल्या महिन्यातल्या सामन्याबद्दल सगळे जण रेफरींच्या नावाने खडे फोडताहेत. चौथा डाउन, एक यार्ड, ॲलन स्वतः घुसला, एका अधिकाऱ्याला तो पोचलेला दिसला, दुसऱ्याला नाही. २२-२१ अशी आमची आघाडी होती, तिथून बॉल तुमच्याकडे गेला. मला विचारशील तर तो पोचला होता. पण तेवढ्यावर मी हंगाम लिहून द्यायला तयार नाही. त्याआधी आम्ही टचडाउननंतर दोन वेळा दोन-दोन गुणांसाठी गेलो आणि दोन्ही वेळा अडलो. आणि शेवटी काय झालं ते आठव. २९-३२, चौथा डाउन, पाच यार्ड. हरण्याची भीती असलेल्या कोचने अशा वेळी सात-आठ माणसं मागे ठेवली असती. स्पॅग्नुओलोंनी कोपऱ्यातून मॅकडफीला मोकळा सोडला. ॲलनने मागे रेलत, पाय उचललेले असताना बॉल फेकला, तो आमच्या किनकेडच्या हातांपर्यंत आला, आणि सुटला. किनकेडने धरायला हवा होता, हो. पण तो पास तसा फेकावा का लागला, हे बघ. तो एक डाव तेरा सेकंदांचं उत्तर आहे, फक्त उत्तर लिहिणारे तुम्ही होतात.

२०१७ च्या ड्राफ्टमध्ये दहावा नंबर आम्हीच तुम्हांला विकला आणि त्यावर तुम्ही महोम्सला घेतलंत, हे दर वेळी ऐकवू नकोस. माहीत आहे. पुढच्या वर्षी आम्हांला ॲलन मिळाला, त्यामुळे त्याचं मला आता काही वाटत नाही.

आणि ‘चार-शून्यला रायव्हलरी म्हणत नाहीत’ हे तुझं वाक्य. प्लेऑफमध्ये आपण सात वेळा भेटलोय. १ जानेवारी १९६७ ला तुम्ही बफेलोत येऊन ३१-७ ने जिंकलात आणि पहिल्यावहिल्या सुपर बोलला गेलात. मग १९९२ आणि १९९४ ला आम्ही तुम्हांला इथून हात हलवत पाठवलं. ९४ ला तर तुमचा जो मोंटाना डोक्याला मार लागून बाहेर गेला आणि थरमन थॉमसने १८६ यार्ड धावून तीन टचडाउन केले. म्हणजे पाच-दोन. हंगामात २०२१ पासून चारही वेळा आम्ही जिंकलोय, गेल्या नोव्हेंबरात तुमची त्या हंगामातली नऊ सामन्यांची अजिंक्य धाव आम्हीच थांबवली. पण ते मी पुढे करणार नाही. नोव्हेंबरातले विजय मोजत बसायचं वय नाही माझं.

या वर्षी वेळापत्रकाप्रमाणे तुमचा संघ इकडेच यायचा आहे, तारीख उन्हाळ्याच्या तोंडावर कळेल. ॲबट रोडच्या पलीकडे नवं स्टेडियम उभं राहतंय, ते २०२६ ला सुरू होणार, म्हणजे जुन्या जागेतला हा शेवटचा हंगाम. तू ये. तिकिटाचं मी बघते. लाल जर्सी जाकिटाच्या आत घाल; पार्किंगमध्ये लोक नुसती टेबलंच मोडतात, पण उगाच परीक्षा नको. येताना काकांसाठी तुमच्याकडच्या बार्बेक्यू सॉसच्या दोन बाटल्या आण. त्यांना कॅन्सस सिटीचं दुसरं काही चालत नाही.

तुझी,
मावशी