घंगाळातली रेघ

मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेनंतरचे आजारपण हे मुख्यत्वे पाण्याचे आजारपण असते, कारण मोड कापून काढल्यावर ती जागा टाके घालून बंद न करता उघडीच ठेवण्याची पद्धत आजही मोठ्या प्रमाणावर वापरात आहे, आणि ही उघडी जखम आतून भरून येण्याच्या चार ते सहा आठवड्यांत रुग्णाला दिवसातून तीन-चार वेळा, शिवाय प्रत्येक शौचानंतर, सोसवेल अशा कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसावे लागते. दवाखान्यात याला ‘सिट्झ बाथ’ म्हणतात आणि त्यातला ‘सिट्झ’ हा बसणे या अर्थाच्या जर्मन क्रियापदावरून आला आहे. आयुर्वेदाचा शब्द ‘अवगाह’ असा असून चरकसंहितेच्या अर्शचिकित्सेत, वेदनेने बेजार झालेल्या रोग्याला तेल लावून, मुळा, रुई, शेवगा अशांची पाने उकळलेल्या पाण्यात बसवावे असे सांगितले आहे. दोन परंपरांचे इतर बाबतींत कितीही मतभेद असले तरी कमरेखालच्या या दुखण्याला ऊन पाणी हवे, यावर त्यांचे एकमत आहे.

प्रस्तुत लेखकाने वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी हा अनुभव घेतला. त्यासाठी घरात आलेला टब लहान मुलांच्या आंघोळीचा, फिकट निळ्या प्लास्टिकचा होता. शस्त्रक्रिया करणारे सर्जन जुन्या वळणाचे असल्यामुळे त्यांनी पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचे दोन-चार खडे टाकण्यास सांगितले होते. हे जंतुनाशक खडे काळपट जांभळे असतात, पाण्यात पडताच त्यांच्यापासून जांभळे धागे सुटतात, आणि पाणी फिकट गुलाबी झाले की मात्रा योग्य समजावी. तेच पाणी काही वेळाने तपकिरी पडते, कारण औषधाचे मँगनीज डायऑक्साइड बनते, आणि त्याचा डाग भांड्याला धरतो. नवव्या दिवशी टबाच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या पातळीवर, तपकिरी रेघ उमटलेली दिसली. ती रेघ लेखकाने पूर्वी पाहिलेली होती.

लहानपणीच्या घरातल्या मोरीत तांब्याचे एक घंगाळ होते. घंगाळ म्हणजे आंघोळीचे पाणी विसणण्याचे रुंद तोंडाचे, दोन बाजूंना कड्या असलेले भांडे. हे मात्र नेहमीपेक्षा मोठे होते आणि पाय बाहेर सोडून त्यात माणूस बसू शकत असे. त्याच्या आत, काठाखाली वीतभर अंतरावर, सबंध गोलाई धरून एक तपकिरी रेघ होती. आई उकिडवी बसून चिंचेच्या कोळाने ती घासत असे. आधी तांबे उजळून गुलाबी होई, मग रेघ फिकी होई, आणि आई अंगठ्याने शेवटचा भाग रगडून काढी. दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा तिथेच असे. मुलांनी विचारल्यास ‘पाणी जड आहे’ एवढेच उत्तर मिळे. रात्री जेवणे उरकल्यावर वडील मोरीचे दार लावून घेत, आत पाण्याचा आवाज मुळीच होत नसे, आणि त्या वेळी दाराशी जायचे नाही हे घरातल्या प्रत्येकाला कोणी न सांगता ठाऊक होते.

मराठीत या आजाराच्या गाठींना ‘मोड’ म्हणतात, आणि कडधान्याला फुटणाऱ्या कोंबाचाच हा शब्द येथे यावा हे निरीक्षण म्हणून अचूक आहे. वाग्भटाने ‘अर्श’ शब्दाची फोड करताना शत्रूसारखे छळणारे मांसाचे खिळे असे म्हटले, तर सुश्रुताने औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगून अर्शाला आठ महारोगांत बसवले. आधुनिक शास्त्राची समजूत मात्र अलीकडे बदलली. १९७५ साली थॉमसन या शल्यविशारदाने दाखवून दिले की गुदमार्गातल्या रक्तवाहिन्यांच्या या गाद्या प्रत्येक माणसात जन्मतःच असतात, मार्ग घट्ट मिटण्यास त्या मदत करतात, आणि वर्षानुवर्षांच्या कुंथण्याने त्यांचा आधार सैल होऊन त्या खाली घसरल्या की त्यांनाच मूळव्याध म्हणतात. गुदमार्गात एक दातेरी सीमारेषा असते. तिच्या वरच्या भागात कापल्याची वेदना जवळपास कळत नाही आणि खालचा भाग बोटाच्या अग्राइतका हळवा असतो, म्हणून आतले मोड वर्षानुवर्षे नुसते रक्त दाखवून गप्प राहतात आणि शस्त्रक्रियेची जखम मात्र गप्प राहत नाही. पहिल्या शौचाची धास्ती प्रत्यक्ष वेदनेपेक्षा मोठी असते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे, कारण कोणताही डॉक्टर ते पुरेशा गांभीर्याने सांगत नाही. इसबगोलाचा भुसा पाण्यात फुगून मळ मऊ करतो, सुरणाला संस्कृतात ‘अर्शोघ्न’ असे नावच आहे, ताक आहे, तूप आहे, तरीही त्या सकाळी माणूस दाराच्या कडीला हात लावून बराच वेळ उभा राहतो.

ज्या आजाराचे नाव घरात निघत नाही, ते नाव एसटी स्थानकाच्या भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेले असते, याबद्दलचा राग लेखकाच्या मनातून गेलेला नाही. वडील अशाच एका पाटीमागे गेले होते. तालुक्याच्या गावी कोणा बिगरपदवीच्या माणसाने त्यांना कसलेसे इंजेक्शन टोचले, त्यानंतर ते तीन आठवडे पालथे झोपून होते, आणि शाळेत रजेच्या अर्जावर त्यांनी ‘ताप’ असे लिहिले. एक शिक्षक, ज्याने आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन शिकवले, त्याला स्वतःच्या दुखण्याचा शब्द कागदावर लिहिता आला नाही.

गांधीजींना तो लिहिता आला. ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मकथेत त्यांनी १९१८-१९ च्या दीर्घ आजारपणाची हकीकत सांगितली असून, गुदद्वाराला चिरा पडल्यामुळे शौचाच्या वेळी इतक्या वेदना होत की खाण्याच्या विचारानेच भीती वाटे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता नोंदवले आहे. हा विकार, म्हणजे फिशर, मूळव्याधीहून वेगळा आहे, परंतु लोकव्यवहारात दोन्हींची गणना एकातच होते. दूध घेतल्याखेरीज शरीर भरणार नाही असे डॉ. दलाल यांनी सांगितले. गायी-म्हशींवर दुधासाठी होणाऱ्या क्रूर ‘फुंका’ प्रकारामुळे गांधीजींनी दूध सोडले होते. तेव्हा शेळीच्या दुधाला काय हरकत आहे, असे कस्तुरबांनी विचारले. गांधीजींनी ते दूध घेतले, आणि व्रताचे अक्षर राखले पण आशय मोडला ही टोचणीही लिहून ठेवली. पुढे डॉ. दलालांनी चिरांवर यशस्वी शस्त्रक्रिया केली. त्याच आजारपणात रौलट समितीचा अहवाल गांधीजींच्या वाचनात आला आणि त्यातल्या शिफारशींच्या विरोधात ६ एप्रिल १९१९ रोजी देशभर हरताळ झाला. वडिलांच्या काचेच्या कपाटात या आत्मकथेचा मराठी अनुवाद होता. ते पान त्यांनी वाचले असेलच, कारण त्यांनी न वाचलेले पुस्तक त्या कपाटात नव्हते.

परमँगनेट मात्र घरात आले ते विहिरीच्या वाटेने. १८९० च्या दशकात आग्र्याचा जंतुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हॅन्किन याने पटकीच्या साथीत विहिरींत हे औषध टाकण्याचा पुरस्कार केला, ती प्रथा पुढे कित्येक दशके टिकली, आणि ‘लाल औषध’ या नावाने त्याची पुडी ग्रामपंचायतीतून कोणाच्याही घरी येऊ शकत असे. वडिलांची पुडी देवघरामागच्या फळीवर, शाईच्या दौतीशेजारी होती.

आता चिंचेच्या त्या आठवणीकडे परत यावे लागते, कारण ती आजवर चुकीच्या वर्षी ठेवली गेली होती. आई घंगाळ घासते आहे, बाहेर आकाशकंदील आहे, आणि लेखक कॉलेजच्या वसतिगृहातून सुट्टीवर आलेला आहे. म्हणजे ती दिवाळी वडील जाऊन दोन वर्षे झाल्यानंतरची आहे. रेघ होतीच. ती पूर्वीपेक्षा चार बोटे खाली होती, हेही त्या वेळी दिसले होते, आणि त्याचा काही अर्थ लागला नव्हता. निळ्या टबात बसताना आपल्या वजनाने पाणी किती चढते हे रोज तीनदा पाहिल्यावर तो अर्थ लागला. तेच घंगाळ, तितकेच पाणी, आणि त्यात बसणारे शरीर हलके.

थोरल्या बहिणीला फोन करून विचारले असता ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तुझ्या वेळच्या बाळंतपणापासून होतं तिला.” गरोदरपणात ओटीपोटावर पडणाऱ्या भाराने आणि प्रसूतीच्या कळा देताना हे मोड अनेक स्त्रियांना येतात, ही गोष्ट लेखकाने गेल्या महिनाभरात तीन ठिकाणी वाचली होती आणि एकदाही ती स्वतःच्या जन्माशी जोडली नव्हती. बहिणीने सांगितले की वडिलांचे आटोपल्यावर, सगळे निजले की, बंबात उरलेल्या पाण्यात आई बसत असे. दुसऱ्यांदा बंब पेटवला तर धूर होईल आणि मुले जागी होतील, म्हणून ते पाणी बहुधा निवलेलेच असे. डॉक्टरांकडे ती कधी गेली नाही. वडिलांना तिचे माहीत होते का, असे विचारल्यावर बहीण म्हणाली, “पुडी तेच आणून ठेवायचे ना रे, त्यांचं बरं असलं तरी.”

घंगाळ फ्लॅटमध्ये राहायला येताना मोडीत दिले गेले होते. मोडवाल्याने तराजूत घालण्याआधी आतून बोट फिरवून पाहिले आणि मळ म्हणून वजनातून पाव किलो वजा केले, तेव्हा कोणी हरकत घेतली नव्हती.

फोन ठेवण्यापूर्वी बहिणीने, पाणी फार कढत घेत नाहीस ना, असे विचारले, आणि हाताला अंदाज येत नाही, कोपर बुडवून बघत जा, आई तुझ्या आंघोळीचं तसंच बघायची, असे सांगितले.