इंजिनाचे चार पाय

१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात बोटी शाकारून किनाऱ्यावर असतात. ऑगस्टमध्ये त्या पाण्यात जातात आणि दिवाळी जवळ आली की मिरकरवाड्याच्या जेटीवर ठरावीक तक्रारी कानावर पडू लागतात. ग्लँडमध्ये नवीन दोरी भरली तरी पाणी थांबत नाही. ठरावीक स्पीडला बोट थरथरते, पुढे-मागे गेलं की शांत होते. गिअरबॉक्सचं मागचं सील पुन्हा गेलं. नाखवा या तीन तक्रारी वेगवेगळ्या सांगतो, खर्चही वेगवेगळा करतो. मी मात्र इंजिनरूममध्ये उतरलो की आधी बॅटरी मारतो ती इंजिनाच्या पायांवर. पायांखाली रबराची काळी भुकटी दिसते का? बोल्टाभोवती गंजासारखी तांबूस पूड आहे का? ती पूड साधा गंज नसते. दोन लोखंडं एकमेकांवर अगदी सूक्ष्म घासत राहिली की ती तयार होते. म्हणजे घट्ट दिसणारा तो पाय हलतो आहे.

अशा वेळी हटकून कुणीतरी म्हणतं, "मिस्त्री, पाणसळ लावून बघा ना, डाव्या अंगाला कललंय." पाणसळीचा इथे उपयोग नाही. तरंगणारी बोट स्वतःच सपाट नसते; डिझेल कुठल्या टाकीत जास्त आहे, जाळी कुठे रचली आहेत, यावर ती कलते. शिवाय शाफ्ट मागे उतरता असतो, त्यामुळे इंजिनही मागे उतरतंच बसवावं लागतं. इंजिन कुठे बसायचं हे शाफ्ट ठरवतो.

म्हणून पहिली तपासणी गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगवर. बोल्ट काढायचे, शाफ्ट थोडा मागे सारायचा. मोकळा झाल्यावर तो स्वतःच्या वजनाने खाली लवतो, त्याला दोरीने किंवा लाकडी ठोकळ्याने आधार देऊन बेअरिंगच्या मध्यावर आणायचा. हा आधार न देता घेतलेलं माप फुकट जातं. मग दोन्ही तोंडं हलकेच भिडवून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर गेज घालायचं. कपलिंगच्या व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंच, एवढा फरक साधारण चालतो. चार इंची कपलिंगला म्हणजे ०.१ मिलिमीटर. यानंतर शाफ्ट पाव फेरा फिरवून पुन्हा मोजायचं. जास्तीची फट शाफ्टबरोबर फिरली, तर शाफ्ट वाकलाय किंवा कपलिंगचं तोंड तिरकं आहे. अशा वेळी इंजिन हलवणं म्हणजे नवा घोळ घालणं. फट जागच्या जागी राहिली, तरच दोष इंजिनाच्या बैठकीत.

हिशोब सोपा आहे, पण तो कागदावर करावा. फट खालच्या बाजूला असेल तर इंजिनाचं नाक वर आहे, ते उतरवायचं. १२५ मिलिमीटरच्या कपलिंगवर अर्ध्या मिलिमीटरची फट असेल आणि पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून एक मीटर लांब असतील, तर पुढचे पाय चार मिलिमीटर खाली यायला हवेत. १६ मिलिमीटरच्या सर्वसाधारण आट्याच्या स्टडवर नटाचा एक पूर्ण फेरा म्हणजे दोन मिलिमीटर. दोन फेरे, दोन्ही बाजूंना सारखे, की काम झालं. अंदाजाने नट फिरवत बसणाऱ्याचा अख्खा दिवस याच कामात जातो.

बहुतेक जण इथे थांबतात. माझं म्हणणं असं, की खरी तपासणी इथून पुढे सुरू होते. कपलिंगचं माप फक्त रेषा सांगतं. वजन कोणता पाय किती उचलतो हे ते सांगत नाही. ओबडधोबड अंगणात मांडलेला चौरंग तीन पायांवर निमूट उभा असतो, एका कडेला हात टेकला की डुगडुगतो. इंजिनाचंही तसंच. जेटीला बांधलेल्या बोटीत माप अचूक येतं, आणि बाहेर भर लोडवर चौथा पाय काम करत नसल्याने इंजिन तिरकं होतं.

पक्क्या बैठकीच्या जुन्या इंजिनांना हे तपासणं सोपं आहे. पायाजवळ डायल गेज लावायचा आणि एका वेळी एकच बोल्ट सैल करायचा. पाय ०.०५ मिलिमीटरहून जास्त उचलला गेला, तर तो बेडवर टेकलेला नव्हता, बोल्टाने जबरदस्तीने खाली ओढलेला होता. अशी ओढ ब्लॉकला आणि गिअरबॉक्सच्या घराला पीळ देते. त्या पायाखाली नेमक्या जाडीचा एकच पत्रा घालावा. पातळ पत्र्यांची चळत दबत राहते. रबराच्या बैठकीत प्रत्येक रबराची दबलेली उंची मोजून डावी-उजवी ताडून पाहायची. माझा त्याहून जास्त विश्वास पान्यावर आहे. भार असलेल्या पायाचा नट जड फिरतो, रिकाम्या पायाचा सहज. चारही नट अर्धा-अर्धा फेरा फिरवून पाहिले की वजन कुठे आहे ते हाताला कळतं.

आता हे चार पाय काय सोसतात ते समजून घेतलं पाहिजे. आपल्याकडची कितीतरी सागरी इंजिनं ट्रकच्या इंजिनांवरून घडवलेली. ट्रकमध्ये गाडी पुढे ढकलणारा जोर चाकांकडून चासीला मिळतो, इंजिनाचे पाय फक्त वजन आणि पीळ सांभाळतात. बोटीत पंखा पाण्याला मागे रेटतो तो रेटा शाफ्टवरून गिअरबॉक्समध्ये, तिथून इंजिनाच्या पायांत आणि पायांतून बोटीत उतरतो. ट्रॉलर जाळं ओढतो तेव्हा ती सगळी ओढ या चार पायांवर असते. म्हणून ट्रकचं स्वस्त रबर बोटीत बसवू नये, हे मी ओरडून सांगतो. ते उभं वजन पेलतं, पुढच्या रेट्याला लवतं.

पिळाचं गणित आणखी कठीण. तीनास एक गिअरबॉक्स असेल तर पंख्याला इंजिनाच्या तिप्पट पीळ मिळतो आणि तेवढाच उलटा पीळ पायांवर येतो. मागून पाहताना पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर पुढे जाताना इंजिनाची डावी बाजू खाली दाबली जाते. गिअरबॉक्सचं वजन मागे असतंच. म्हणून अशा बोटीत डाव्या अंगाचा मागचा पाय सगळ्यांत आधी खचतो, आणि लोक त्याच रबराला नावं ठेवतात.

एका बोटीत हेच रबर हंगामागून हंगाम बदललं जात होतं. रबराचा दोष नव्हता. खालचा बेड लाकडाचा, वर फायबरचं आवरण. छोट्या हातोडीने ठोकत गेलो. सगळीकडे खणखणीत आवाज, त्या पायाखाली मात्र बद्द. भोक पाडलं तर ओला तपकिरी भुगा बाहेर आला. समुद्राचं खारं पाणी लाकूड तितकं कुजवत नाही, पावसाचं गोडं पाणी कुजवतं. बंदीच्या महिन्यांत केबिनच्या सांध्यातून ते थेंब-थेंब बोल्टाच्या भोकात मुरत होतं. कुजका भाग काढून मुरलेलं सागवान बसवलं, भार पसरावा म्हणून वर जाड लोखंडी पाटा टाकला आणि बोल्ट नळीतून घेतले, म्हणजे आवळताना लाकूड चेपत नाही. बोटी शाकारताना इंजिनरूमच्या वरचं छप्पर नीट झाकलं असतं, तर हा खर्च वाचला असता.

शेवटचं माप केव्हा घ्यायचं, यावर तडजोड नको. किनाऱ्यावर टेकूंवर उभी असलेली बोट मधूनच लवलेली असते. लाकडी बोट पाण्यात गेल्यावर कित्येक दिवस फुगते. म्हणून बोट तरंगती, टाक्यांत नेहमीचं डिझेल, मासळीच्या कप्प्यात बर्फ, अशा स्थितीत माप घ्यावं. नवीन रबरावर इंजिनाचं वजन टाकून किमान एक रात्र जाऊ द्यावी, मग कपलिंगला हात लावावा. पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा मोजावं, कारण रबर आणखी बसतं. आणि एक रबर गेलं तर चारही बदला. जुन्या तीन खचलेल्या रबरांमध्ये एक नवं घातलं, तर ते उंच आणि ताठ राहतं, वजन स्वतःकडे ओढतं, आणि नाखव्याला पुढच्या हंगामात मला पुन्हा बोलवावं लागतं. मात्र दुकानात पुढची आणि मागची रबरं वेगळी मागा. त्यांचा कडकपणा बऱ्याचदा वेगळा असतो आणि दिसायला ती सारखीच दिसतात.