मागणं आणि मानणं

कार्तिकी एकादशीला मी बडोद्यात, मांडवीला होते. जुन्या शहराच्या मधोमध कमानींवर उभी असलेली मांडवी आणि जवळच गायकवाडी परंपरेतलं विठ्ठल मंदिर. याच दिवशी, म्हणजे देवउठीला, इथून विठ्ठलनाथाचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो. मावशी तो दरवर्षी बघते. काकांच्या आजारात तिनं याच देवाला नवस बोलला होता. काका गेले. वारी मात्र चुकली नाही.

"नवस फळला नाही, मावशी. मग कशाच्या जोरावर मानतेस?" गर्दीत विचारायला नको होतं, पण विचारलं.

"ते मागणं होतं गं. मानणं वेगळं."

विज्ञान शिकलेल्या माझ्या मनाला हे पुरेना. पुरेशा पुराव्याशिवाय काहीही मानणं चूकच, असं इंग्लंडात तत्त्वज्ञ विल्यम क्लिफर्डनं १८७७ साली बजावलं होतं. पुरावा हाती येईपर्यंत थांबता येत नाही असेही प्रसंग आयुष्यात असतात, हे अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सचं १८९६ मधलं उत्तर. दोघांपेक्षा मला याच शहरातली एक गोष्ट जास्त जवळची वाटते.

अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोदा संस्थानच्या नोकरीत होते. विलायतेत शिकलेले, देवाधर्माबद्दल साशंक. त्यांचा भाऊ बारीन तापानं फणफणला. एका नागा साधूनं मंत्र म्हणत पेल्यातलं पाणी चाकूनं उभं-आडवं कापलं, ते बारीनला पाजलं आणि ताप उतरला. अरविंदांवर याचा परिणाम झाला. माझ्यावर होत नाही. ताप आपणहूनही उतरतो. जगात अमुक घडलं असा दावा केला की त्याला जगातलाच पुरावा लागतो.

काँग्रेसच्या सुरत अधिवेशनानंतर, १९०८ च्या सुरुवातीला, अरविंद पुन्हा बडोद्यात आले आणि विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याला भेटले. सरदार मजुमदारांच्या वाड्यात दोघं बसले. लेल्यांनी त्यांना कशावरही विश्वास ठेवायला सांगितलं नाही. विचार बाहेरून आत येतात ते बघा, आत शिरण्याआधीच परतवा, एवढंच सांगितलं. तीन दिवसांत अरविंदांचं मन निःशब्द झालं. आणि समोर आलं ते निर्गुण ब्रह्म, ज्यापुढे सगळं जग पोकळ आकृत्यांचा खेळ वाटावा. लेले भक्तिमार्गी. हा अनुभव त्यांना नको होता. त्यांच्या कल्पनेच्या तो उलटच होता.

मला इथेच थांबावंसं वाटतं. गुरूच्या धारणेला छेद देणारं काही शिष्याला दिसलं, आणि ते त्यानं झाकलं नाही. ही मला शहाणपणाची खूण वाटते. तरीही तो पुरावा अरविंदांचा. माझ्या खिशात तो घालता येत नाही, आणि ते खोटं बोलले असंही मला म्हणवत नाही.

मावशीच्या मानण्यात काकांच्या मृत्यूला जागा आहे. तो मृत्यू तिनं देवापासून लपवला नाही, की देवाच्या वतीनं त्याची कारणं रचली नाहीत.

ढोल-ताशे जवळ आले. पालखी दिसताच मावशीनं हात जोडले. मी जोडले नाहीत. तिनं सांगितलंही नाही. गर्दी सरली तेव्हा तिनं मुठीतलं तुळशीचं पान अर्धं करून माझ्या हातावर ठेवलं, आणि मी ते खाल्लं.