पाणी तें पाणी

एकत्र कुटुंबांतील सामाईक वस्तूंचें दैव मोठें चमत्कारिक असतें. अंगणांतील झोपाळा, न्हाणीघरांतील बंब, माडीवरची शिडी या सर्वांच्या मालकीच्या. म्हणून वापर सर्वांनीं करावयाचा, आणि निगा मात्र कोणीतरी राखीतच असेल अशा भरंवशावर सर्वांनीं निर्धास्त राहावयाचें. वाईस आमच्या घरीं आम्हां तीन भावांचीं कुटुंबें एकत्र नांदतात, आणि दारांतील मोटारही अशीच सामाईक आहे. दादांना दवाखान्यांत न्यावयाचें असो, वहिनींना मंगलकार्यास पोंचवावयाचें असो, कीं पावसांत नातवंडांना शाळेंतून आणावयाचें असो, गाडी एकच.

मी शाळेंतून निवृत्त झालों तेव्हां घरचा जमाखर्च माझ्याकडे आला, आणि त्याबरोबर मोटारीची देखभालही ओघानेंच आली. मला मोटार चालवितां येत नाहीं. परंतु दर शनिवारीं सकाळीं बॉनेट उघडून पाहणें, पाण्याच्या टांकींत पाणी ओतणें, आणि नंतर वहींत ‘गाडी पुसली, पाणी घातलें’ अशी नोंद करणें, यांत मला हजेरीपत्रक भरल्यासारखें समाधान वाटे. सुमारें चार वर्षें हा नेम मीं चुकविला नाहीं. त्या ‘पाणी घातलें’ या दोन शब्दांत काय दडलें होतें, तें आज सांगावयाचें आहे.

पुतण्या नोकरीसाठीं आठवडाभर पुण्यास असतो. त्यामुळें गाडी बहुधा त्याची पत्नी, आमची थोरली सून, हीच चालविते. २०२३ च्या मार्च महिन्यांत एके दिवशीं ती गाडीचें माहितीपुस्तक हातांत घेऊन आली व म्हणाली, “काका, कूलंट बदलायची मुदत केव्हांच उलटून गेली आहे. एकदां गाडी मेस्त्रींकडे नेऊन येऊं का? आणि त्यांत बोअरचं पाणी घालूं नका हो; पुस्तकांत मनाई आहे.”

मी वहींतून मान वर न करतांच म्हणालों, “अगं, अमरकोशांत पाण्याच्या नांवांमध्यें ‘जीवन’ हेंही एक नांव आहे. ज्यावर सारी सृष्टि जगते, त्यानें लोखंडाचें काय बिघडणार? पाणी तें पाणी!” ती हंसली, आणि पुस्तक जागेवर ठेवून आंत गेली. त्या दिवशीं मला माझें उत्तर फार समर्पक वाटलें. आज कबूल करावें लागतें, कीं त्या उत्तरांत काटकसर थोडी होती आणि विद्वत्ता त्याहून थोडी. घरांतील तरुण सुनेनें माझ्या कामांतील चूक दाखवावी, याचा सल त्यांत अधिक होता.

मे महिन्यांत पांचगणीस आप्तांकडे मुंज होती. दादा, वहिनी, मी आणि सूनबाईची आठ वर्षांची मुलगी असे चौघे. गाडी चालवावयास सूनबाई. दुपारच्या पंक्तीला पोंचावयाचें म्हणून अकराच्या सुमारास निघालों. पसरणीचा घाट ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना तेथील चढ आणि वळणें ठाऊक आहेतच. वैशाखांतील ऊन, पांच माणसांचें ओझें, आंत चालू असलेलें थंड हवेचें यंत्र, आणि पुढें रांगत चाललेली एक मालमोटार, असा सर्व योग जुळून आला. अर्ध्या घाटांत सूनबाईनें एकाएकीं थंड हवा बंद केली आणि गाडींत ऊन हवेचा झोत सोडला. मी विचारणार तोंच ती म्हणाली, “कांटा लाल खुणेवर गेला आहे,” आणि जरा रुंद जागा पाहून तिनें गाडी कठड्याजवळ उभी केली. बॉनेट उघडतांच वाफेचा लोट वर आला.

देखभाल माझी, तेव्हां उपायही माझाच, अशा विचारानें मी खालीं उतरलों. शनिवारीं सकाळीं गार गाडीचें जें झाकण मी सहज उघडीत असें, तेंच हें झाकण. मुंजीसाठीं घेतलेलें उपरणें हाताला गुंडाळून मी पुढें झालों. “काका, झाकणाला हात लावूं नका!” सूनबाई ओरडली. ओरडलीच, कारण विनवणी करण्यास वेळ नव्हता. परंतु मला ऐकूं आला तो केवळ तिचा स्वर. दादा ऐकत होते, रस्त्यानें जाणारे दोघे थांबून पाहत होते. आणि ज्यानें सारा जन्म मुलांना दरडावलें, त्याला सुनेनें सर्वांदेखत दरडावावें! मीं झाकण फिरविलें. अर्धा फेरा झाला असेल नसेल, तोंच तिनें मध्यें हात घालून मला मागें ढकललें. मोठा फूत्कार झाला, आणि उकळतें पाणी तिच्या उजव्या हातावर मनगटापासून कोंपरापर्यंत उडालें. माझें उपरणें तेवढें भिजलें.

वहिनींनीं क्षणाचाही विलंब न लावतां तिच्या हातांतील बांगड्या उतरविल्या, आणि बरोबरचें पिण्याचें सर्व पाणी त्या हातावर सावकाश धरलें. खालीं उतरणाऱ्या एका सद्गृहस्थांच्या गाडींतून त्या दोघी वाईला दवाखान्यांत गेल्या. दादा, नात आणि मी कठड्यावर बसून राहिलों. खालीं धोम धरणाचें पाणी उन्हांत चमकत होतें. बऱ्याच वेळानें नातीनें विचारलें, “आजोबा, गाडींत पाणीच होतं ना? मग वाफ एवढी जोरानं कशी आली?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. दादा तर एक शब्दही बोलले नाहींत, आणि तें मला अधिक लागलें.

उत्तर मिळालें तें आठ दिवसांनीं, मेस्त्रींच्या दुकानांत. हे मेस्त्री माझेच जुने विद्यार्थी. त्यांनीं इंजिन उघडून ठेवलें होतें आणि मला स्टुलावर बसवून एकेक भाग हातांत दिला. त्या दिवशीं गुरुजी कोण आणि विद्यार्थी कोण, हें निराळें सांगावयास नको.

इंजिनांत इंधन जळतें तेव्हां ज्वाळेची उष्णता दोन हजार अंशांच्याही वर जाते. आजच्या इंजिनांचा माथा बहुधा ॲल्युमिनियमचा असतो, आणि तो धातु तर ६६० अंशांवर वितळतो. इंधनांतील शक्तीचा ढोबळ मानानें एक तृतीयांश भाग गाडी ओढण्याच्या कामीं येतो, तितकाच धुरावाटे निघून जातो, आणि उरलेली उष्णता इंजिनाभोंवतीं फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते. एक पंप तें पाणी फिरवितो. गाडी गार असतांना थर्मोस्टॅट नांवाची झडप रेडिएटरची वाट बंद ठेवते, आणि पाणी साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापलें म्हणजे ती उघडते. मग पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून वाऱ्यावर निवून परत येतें. हें चक्र अखंड चालतें.

नातीच्या प्रश्नाचें उत्तर झाकणांत होतें. उघड्या भांड्यांतील पाणी समुद्रकांठीं १०० अंशांवर उकळतें. सुमारें १,३०० मीटर उंचीच्या पांचगणीस तें ९६ अंशांच्या आसपासच उकळूं लागतें. म्हणून गाडीच्या झाकणाला स्प्रिंग असते व ती आंतील दाब वाढूं देते. हवेच्या दाबाइतका आणखी एक दाब चढला कीं, तेंच पाणी १२० अंशांपर्यंत न उकळतां राहूं शकतें. सारांश, तापलेल्या गाडीचें पाणी म्हणजे स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकर. झाकण सैल होतांच दाब नाहींसा होतो, आणि जें पाणी क्षणापूर्वीं शांत दिसत होतें, तें एकदम वाफ होऊन उसळतें. आमच्या घरांतील कोणतीही बाई शिटीचा दाब उतरल्यावांचून कुकर उघडणार नाहीं. मीं तेंच केलें, आणि तेंही सांगून सवरून.

परंतु मुळांत गाडी तापली कां? मेस्त्रींनीं थर्मोस्टॅट माझ्या तळहातावर ठेवला. त्यावर विटकरी गाळ आणि पांढऱ्या क्षारांचा थर होता. हा थर मी बालपणापासून ओळखतों. आमच्या बंबाच्या आंत हाच बसे, आणि दिवाळीपूर्वीं चिंच लावून तो खरडून काढावा लागे. बोअरच्या पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. पाणी तापतें तसे ते आंतून धातूला चिकटतात. बंबाला मीं कधीं ‘जीवन’ म्हणून सोडून दिलें नव्हतें. मोटारीच्या केंसासारख्या बारीक वाटा मात्र मीं शनिवारीं शनिवारीं स्वहस्तें बुजवीत आणल्या.

आमच्याकडे बर्फ पडत नाहीं, मग कूलंट कशाला, असा प्रश्न मीं विचारला. कूलंट म्हणजे बहुधा एथिलीन ग्लायकॉल आणि क्षारविरहित पाणी यांचें मिश्रण. निम्में निम्में घेतलें तर तें उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाहीं, हें खरें. त्याचा आम्हांला उपयोग नाहीं. परंतु तेंच मिश्रण उघड्यावरसुद्धां १०७ अंशांच्या आसपास उकळतें, आणि त्यांत गंज रोखणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात, हे दोन गुण आमच्याच उपयोगाचे. ग्लायकॉल पुष्कळ काळ टिकतें. पण हीं रक्षक द्रव्यें धातूचें रक्षण करतां करतां स्वतः खर्चीं पडतात. म्हणूनच रंग ताजा दिसला तरी मुदत संपली कीं कूलंट बदलावयाचें असतें. मी वरून ओतीत गेलेल्या पाण्यानें तर उरलेंसुरलें रक्षणही पातळ झालें होतें.

शेवटचें वाक्य मेस्त्रींनीं फार हळू उच्चारलें. “गुरुजी, ही बंद व्यवस्था आहे. तिच्यांत दर आठवड्याला पाणी घालावं लागतं, हाच रोग होता. पंपाचं सील झिरपत होतं.” मी ज्याला चार वर्षें सेवा समजत होतों, तें दुखण्याचें लक्षण होतें, आणि तें मी शुद्ध अक्षरांत वहींत लिहून ठेवीत होतों! हेड गॅस्केट जळलें होतें, इंजिनाचा माथा घांसून सपाट करून आणावा लागला, रेडिएटर नवा घालावा लागला. त्या रकमेंत कूलंटाच्या कितीतरी बदल्या झाल्या असत्या.

पुढें मीं नातीबरोबर बसून थोडें वाचन केलें. कार्ल बेंझ यांनीं १८८६ सालीं पेटंट घेतलेल्या मोटारींत पाणी उकळून वाफ होऊन जाई. १८८८ च्या ऑगस्टांत त्यांची पत्नी बर्था बेंझ ही आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, सुमारें शंभर किलोमीटर, मोटारीनें गेली, तेव्हां वाटेंत तिला वारंवार पाणी भरावें लागलें. १९०० सालीं विल्हेल्म मायबाख यांनीं आठ हजारांवर बारीक नळ्यांचा मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, आणि थोडें पाणी पुनःपुन्हां निववून वापरणें साधलें. पहिला लांबचा प्रवास एका स्त्रीनें केला, हें वाचून नात आईकडे पाहून हंसली. मी पुस्तकांतच पाहत राहिलों.

ज्या घरांत गाडी सामाईक आहे, त्या घरांसाठीं चार गोष्टी सांगतों. कूलंट कोणत्या जातीचें घालावें आणि किती दिवसांनीं बदलावें, हें गाडीच्या पुस्तकांत पाहावें. जुन्या पद्धतीच्या कूलंटाला साधारण दोन वर्षें, तर दीर्घ मुदतीच्या कूलंटाला पांच वर्षें किंवा अधिक मुदत असते. दोन जातींचीं कूलंटें मिसळूं नयेत. नुसत्या रंगावरून जात ठरवूं नये. बदल करावयाचा तो इंजिन पूर्ण गार असतांना: जुनें काढावें, स्वच्छ पाणी येईपर्यंत आंतून धुवावें, नवें भरावें, आणि आंत अडकलेली हवा निघून गेल्यावर पातळी पुन्हां दोन खुणांमध्यें आहे ना, हें पाहावें. पातळी वरचेवर उतरूं लागली तर ओतीत बसूं नये, गळती शोधावी. वाटेंत कांटा चढला तर थंड हवा बंद करून ऊन हवा सोडावी, गाडी थांबवून इंजिन बंद करावें, आणि अर्धा तास तरी, किंबहुना सर्व गार होईपर्यंत, झाकणाला शिवूं नये. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतूं नये. धातूला तडा जातो. काढलेलें कूलंट चवीला गोड पण विषारी असतें. तें अंगणांत किंवा गटारांत न टाकतां मेस्त्रींच्या स्वाधीन करावें. मुलें, मांजरें आणि कुत्रीं यांच्यापासून तें दूर ठेवावें.

सूनबाईचा हात महिना-सवा महिन्यांत बरा झाला. मनगटावर एक फिकट डाग राहिला आहे. बांगड्या सरकल्या कीं दिसतो. ती त्याविषयीं कधीं बोलली नाहीं. मीही बोललों नाहीं. मोठ्यांनीं लहानांची क्षमा मागावी, अशी वहिवाट आमच्या घरीं नाहीं, आणि वहिवाटीचा आडोसा माझ्यासारख्याला सोयीचा असतो. पुढच्या पाडव्याला मीं गाडीची वही तिच्यापुढें ठेवून एवढेंच म्हणालों, “यापुढें काय करावयाचें तें तूं सांग, मी लिहीत जाईन.” तिनें वही चाळली, माझ्या त्या चार वर्षांच्या नोंदी पाहिल्या, आणि कांहीं न बोलतां पुढच्या पानावर कूलंट बदलल्याची तारीख व पुढील मुदत लिहिली.

परंतु एवढ्यानें फिटत नाहीं, हें मला ठाऊक आहे. हें मासिक आमच्या घरीं आलें म्हणजे प्रथम तिच्याच हातीं पडतें, आणि दुपारीं ती तें वहिनींना मोठ्यानें वाचून दाखविते. घाटांत त्या दिवशीं चूक माझी होती, आणि तिचा स्वर नव्हे, माझा कान चुकला होता. तोंडानें जें सांगावयास मला दोन वर्षें धीर झाला नाहीं, तें तिनें माझ्यासमोर वाचावें, म्हणून येथें लिहिलें आहे.